हिंगाचा वास

बडा गणपतीच्या मागे, इंदूर
११ सप्टेंबर

पद्मजाताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू न फोडताच कपाटावर टाकून देशील, याची मला जवळजवळ खात्री आहे. त्या 'जवळजवळ'साठी लिहिते आहे. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, मग मीही तुला केलं. शर्वरीच्या फोनवरून बोलायचं तर पोरगी कान टवकारून शेजारी बसते. पोस्टमन तेवढा अजून आपल्या दोघींचा आहे.

मुंजीचं काढणार नाही, असं ठरवून बसले आहे. नचिकेतच्या मुंजीत भरल्या मांडवात तू मला म्हणालीस, "शलाका, तुझ्या साडीला तळणीचा वास येतोय गं, बदलून ये." तुझ्या सासरच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. मी साडी बदलली नाही, संध्याकाळची बस पकडून नाशिकहून सरळ इंदूरला आले. बघ, काढणार नाही म्हणता म्हणता काढलंच. दोन वर्षं गिळून ठेवलेलं असंच बाहेर येतं.

कामाचं सांगते. मी नक्की काय करते ते तुला कधी नीट सांगितलं नाही, कारण सांगायची लाज वाटायची. नमकीनच्या कारखान्यात मी शेव चाखते. भट्टीवरून घाणा उतरला की त्यातली बशीभर माझ्या टेबलावर येते. चिमूटभर तळहातावर चुरायची, नाकाशी न्यायची, तोंडात टाकून चावायची आणि शेजारच्या स्टीलच्या बादलीत थुंकायची. मग म्हणायचं 'पास', नाहीतर 'रोको'. 'रोको' म्हटलं की अख्खा घाणा बाजूला. तेल जुनं झालं का, बेसन खवट आहे का, लवंग करपली का, सगळं नाकावर. सेठजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "मशीन झूठ बोल सकती है, शलाकाजी की नाक नहीं." बी.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवलेल्या बाईने आयुष्यभर बादलीत थुंकायचं, हे कुणाच्या पत्रिकेत लिहिलेलं नसतं.

या नोकरीचा मला पहिल्या दिवसापासून तिटकारा आहे. मानस आजारी पडला, त्याचा पगार थांबला, तेव्हा तात्पुरती म्हणून धरली. मानस गेला, नोकरी राहिली. घर तिच्यावर चालतं, शर्वरीचे भंवरकुआं चौकातले क्लास तिच्यावर चालतात, तेव्हा कुरकुर करायची कुणाकडे? मी एक युक्ती काढली होती. गेटवर चप्पल झटकताना शलाकाला बाहेरच उभी करायची आणि नुसती 'मॅडम' होऊन आत जायचं. सुटी झाली की तिला बरोबर घेऊन घरी यायचं. हल्ली हल्ली ती तिथे उभी असतेच असं नाही.

सगळ्यात नकोसा होता तो वास. केसांत, पदरात, उशीच्या अभ्र्यात. शर्वरी लहान असताना मला मिठी मारायच्या आधी श्वास धरायची. तुझ्या मांडवातून परत आले त्या आठवड्यात मी इथल्या गणपतीपुढे उभी राहून म्हटलं होतं, बाबा रे, हा वास एकदाचा माझ्या मागून जाऊ दे.

देवाने ऐकलं, पण जरा जास्तच ऐकलं. यंदा गणपती बसायच्या आधी मला ताप आला. ताप उतरला, आणि वास गेला. तळणीचा नाही गं, सगळाच. कापूर येत नाही, फिनेल येत नाही, ओल्या मातीचा येत नाही. जिभेला तिखट-मीठ कळतं, बाकी सगळं भुसा. डॉक्टर म्हणाले, नस सुजली आहे, येईल परत. कधी, विचारलं तर म्हणाले, "देखते हैं."

कारखान्यात कुणाला सांगितलेलं नाही. घरीही नाही. रोज टेबलाशी बसते, शेव चुरते, नाकाशी नेते, आणि काही नाही. तरी 'पास' म्हणते. ताई, मला भीती वाटते. एक दिवस काहीतरी भयंकर माझ्या हातून पास होणार आहे.

आठवतं का, आई आपल्या डोळ्यांवर पदर बांधून मसाल्याच्या वाट्या नाकाखाली धरायची? तू सगळ्या ओळखायचीस. मला एकच यायचा, हिंग. तेवढ्यावर मी आठवडाभर मिरवायचे.

शलाका


२० सप्टेंबर

ताई,

उत्तर आलं नाही. यायला हवंच असं नाही. मला लिहून जरा बरं वाटतं, म्हणून पुन्हा बसले.

वासाशिवाय मी काम कसं करते, ते सांगते. ऐकून तू हसशील. तोंडं वाचते. बशी माझ्याकडे आली की मी सहज म्हणून चार कण देवेंद्रला देते. देवेंद्र म्हणजे आमचा भट्टीवरचा मिस्त्री, दांडगा माणूस, तोंडात कायम सुपारी. मग पॅकिंगच्या लीलाबाईला देते. पॅकिंगच्या बायका हॉलच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर पाट टाकून बसतात. देवेंद्रची भुवई हलली तर 'रोको'. लीलाबाई गप्पा मारत खात राहिली तर 'पास'. दोघांच्या तोंडावर काहीच दिसलं नाही, की मी भीतीपोटी 'रोको' म्हणते. चांगला घाणा गेला तर गेला, वाईट जायला नको.

आणि गंमत बघ. माझं नाव वाढलं! पूर्वी मी दिवसाकाठी एखादाच घाणा अडवायचे, आता धडाधड अडवते, म्हणून सेठजी खूश. "दिवाली का सीज़न है और मॅडम ने नाक और टाइट कर दी," असं परवा सगळ्यांसमोर म्हणाले. आंधळ्याला पहारेकरी नेमलाय आणि तो फार जागा राहतो म्हणून कौतुक चाललंय. मी मान खाली घालून हसले.

घरी तर त्याहून वाईट. गॅसची शेगडी. आधी कधी तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. आता बटण बंद केलं का ते बघते, आणि दार ओढलं की पुन्हा आत जाऊन बघते. आच वाऱ्याने विझली आणि गॅस तसाच सुरू राहिला, तर मला कळणारच नाही. आतल्या खोलीत सासूबाई झोपलेल्या असतात. शर्वरी म्हणते, "आई, तू ना फालतू टेन्शन घेतेस. हे काय झालंय तुला?" काही नाही म्हणते.

सासूबाईंचं मात्र मला कोडं पडलंय. इतकी वर्षं स्वयंपाकघरात पाऊल न टाकणाऱ्या बाई हल्ली दारातच खुर्ची टाकून पोथी वाचतात. मधेच ओरडतात, "शलाका, कढी लागून राहिली ना गं! ध्यान कुठे आहे तुझं?" मी धावते. खरंच बुडाशी लागलेली असते. म्हातारपणी सासुरवास करायची हौस आली असेल, असं म्हणून मी सोडून देते.

तुझी, रागावलेली असलीस तरी,
शलाका


२७ सप्टेंबर

ताई,

काल जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवं.

दुपारच्या चहानंतर पॅकिंगच्या बाजूला हात थांबले. लीलाबाई पाटावरून उठली आणि माझ्या टेबलापाशी आली. तिने नाकाला पदर लावला होता.

"मॅडम, कुछ अजीब बास आ री हे. हींग हे कि गैस?"

ताई, सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. आणि मी काय केलं, तर सवयीप्रमाणे देवेंद्रच्या तोंडाकडे बघितलं. तो कढईपाशी उभा राहून शांतपणे सुपारी चघळत होता. भुवई जागच्या जागी. शिवाय सकाळीच माझ्यासमोर हिंगाचा नवा डबा फोडला होता, कुठल्याशा नव्या व्यापाऱ्याचा.

मी म्हटलं, "हींग है. नया डब्बा खुला है. तेज माल है, इसलिए."

वाक्य इतकं ठणठणीत बाहेर पडलं की ऐकून माझाच विश्वास बसला. लीलाबाई म्हणाली, "हाँ, आप बोल रहे हो तो हींग ही होगी," आणि जाऊन बसली. हात पुन्हा चालू झाले.

घरी येताना रिक्षात मला एकदम आठवलं. गॅसमध्ये मुद्दाम जो घाण वास मिसळतात तो आणि कच्चा हिंग हे दोघं चुलतभाऊ आहेत, हे मला बी.एस्सी.पासून माहीत आहे. आणि मी न हुंगता सांगून टाकलं, हिंग. ज्या एका वासावर मी आयुष्यभर मिरवले, त्याचंच नाव घेतलं.

हिंगच असेल, नाही का? डबा नवा होता. देवेंद्रला काही जाणवलं नाही. असं मी दिवसभर स्वतःला सांगते आहे. तू असतीस तर दारातच सांगितलं असतंस काय आहे ते. तुझं नाक आणि तुझी जीभ, दोन्ही कधी कुणाला भ्यालेली नाहीत.

शलाका


५ ऑक्टोबर, रविवार

ताई,

आज कारखाना बंद आहे. दिवाळीच्या आधीची ही शेवटची सुट्टी, म्हणून सगळे खुशीत आहेत. मी मात्र सकाळपासून दोनदा शर्वरीवर ओरडले.

सांगते. 'मॅडमने हींग बोला है' हे कारखान्यात वेदवाक्य झालं. बायका नाक मुरडायच्या आणि आपसात म्हणायच्या, हींग तेज है. सेठजींच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी त्या व्यापाऱ्याला फोनवर झापलं. मग हुकूम सुटला की मसाल्यात हिंग कमी करा. केला. शुक्रवारी तर तो डबाच उचलून मागे गोदामात ठेवला.

आणि काल घरी निघताना लीलाबाई चप्पल घालता घालता सहज म्हणाली, "मॅडम, हींग तो कम कर दी, बास तो उतनी की उतनी हे. मेरा तो सिर दुखता हे शाम तक."

मी तिथेच खांबाला धरून उभी राहिले. गॅस हवेपेक्षा जड असतो. तो खाली बसतो, जमिनीलगत, नालीत. पॅकिंगच्या बायका जमिनीवर बसतात. देवेंद्र उभा असतो, वरच्या धुरात, तोंडात सुपारी. त्याच्या भुवईचं काय घेऊन बसले होते मी?

मी सेठजींकडे गेले. खरं सांगायचं ठरवूनच गेले होते. केबिनमध्ये मिठाईवाल्यांची रांग लागली होती. मला बघून सेठजी त्यांना म्हणाले, "ये देखो, हमारी नाक आ गई," आणि सगळे हसले. मी एवढंच म्हणू शकले, "भैयाजी, एक बार गैस की लाइन चेक करवा लेते." त्यांनी विचारलं, "क्यों, आपको बास आई क्या?" मी म्हटलं, "नहीं, वैसे ही." ते म्हणाले, "तो फिर दिवाली के बाद." झालं. 'वैसे ही' म्हणून मी बाहेर आले. काय बाई आहे मी!

दुपारी सासूबाईंना घेऊन कृष्णपुऱ्याला राजघराण्याच्या समाधी-छत्र्यांकडे गेले होते. त्या पायरीवर बसल्या, मी नदीकडे बघत उभी राहिले आणि डोळ्यांपुढे एकच, कारखान्याचं शटर. शटर खाली आहे, खिडक्या बंद आहेत, पंखे बंद आहेत. आत कालपासून ते जमिनीलगत साठत चाललं असेल. किंवा नसेल. मला कळणार कसं? कारखान्यात फोन केला, चौकीदार म्हणाला, किल्ली सेठजींकडे. सेठजींना लावला, ते उज्जैनला लग्नात, बँड वाजत होता. "कल बात करते हैं शलाकाजी, कल!"

उद्या सकाळी देवेंद्र शटर उघडणार, आत जाणार आणि लायटर पेटवणार. आत तोवर लीलाबाई आणि तिच्या सगळ्या बायका पाट मांडून बसलेल्या असतील.

मला त्याच्या आधी पोचायचंय. पोचून काय सांगायचं तेही मी ठरवलंय. म्हणणार, मला गॅसचा वास येतोय. खोटं, पण त्याने काम होईल आणि नोकरीही राहील. शर्वरीचं शेवटचं वर्ष आहे गं. टेस्टरला वास येत नाही हे एकदा बाहेर फुटलं, तर इंदुरात मला शेवेच्या दुकानावर उभं करणार नाही कुणी.

गजर लावून ठेवला आहे, शेगडी दोनदा बघून आले आहे.

शलाका


६ ऑक्टोबर, सोमवार

ताई,

सगळे जिवंत आहेत. आधी हे लिहिते. आता पाणी पिऊन पुढचं लिहिते.

रिक्षा मिळायला वेळ लागला. पोचले तर शटर अर्धं वर गेलेलं. बायका वाकून आत शिरत होत्या. देवेंद्र पहिल्या भट्टीपाशी उभा, हातात लांब दांड्याचं लायटर. मी गेटवरून ओरडतच धावले. पदर कुठे, पर्स कुठे.

"देवेंद्र, जलाना मत! गैस की बास आ रही है!"

तो थबकला. मग हसला. चांगलं हसला गं, वाईट नाही. "अरे मॅडम, वो तो हींग हे. आपने ही तो बोला था."

"आज गैस है. मैं बोल रही हूँ ना."

"मॅडम, आज पहला घान लेट हुआ तो सेठजी मेरी चटनी बना देंगे."

तेवढ्यात सेठजीच आले. उज्जैनचं जागरण डोळ्यांत होतं. त्यांनी विचारलं काय चाललंय, देवेंद्रने सांगितलं. सेठजी माझ्याकडे वळले.

"शलाकाजी, परसों आपने बोला बास नहीं आई. उसके पहले बोला हींग है. आज गैस हो गई? हींग वाले को तो मैंने आपके कहने पर फोन पे गालियाँ दी हैं!"

कुणीतरी खुदकन हसलं. देवेंद्रला माझी कीव आली असावी. लायटर तसंच हातात धरून तो म्हणाला, "मॅडम, एक बार आराम से सूँघ के बता दो. आप बोलो हींग, तो जलाऊँ. आप बोलो गैस, तो आज छुट्टी."

मी नाक वर केलं, ताई. सगळ्यांसमोर खोल श्वास घेतला. काही नाही. थंड हवा. मग रोजच्या सवयीने एखादं तोंड वाचायला मिळतंय का ते बघितलं. देवेंद्रकडे बघितलं, लीलाबाईकडे, सेठजींकडे. तेव्हा मला कळलं. ती सगळी माझंच तोंड वाचत उभी होती.

कितीतरी दिवस आम्ही हेच करत होतो. मी त्यांच्याकडे बघून सांगायचे, ती माझ्याकडे बघून मानायची. हुंगत कुणीच नव्हतं. आता मी 'गैस' म्हटलं असतं तरी त्यांनी अर्धवटच मानलं असतं, कारण 'हींग' मी त्याहून ठासून म्हटलं होतं. सेठजींनी घड्याळ बघितलं. देवेंद्रचा अंगठा लायटरवर होता.

मी म्हटलं, "मेरेको कुछ नहीं आता."

"क्या नहीं आता?"

"बास. कोई भी बास नहीं आती. बुखार हुआ था तब से. हींग मैंने अंदाज़ से बोला था. इतने दिन सब अंदाज़ से बोल रही हूँ. मेरे भरोसे मत जलाओ."

सेठजींचं तोंड उघडंच राहिलं. मग मागून लीलाबाईचा आवाज आला, बारीक.

"मेरेको तो आ री हे. उसी दिन से."

तिच्या शेजारची म्हणाली, "मेरेको भी." तिसरी म्हणाली, घरी गेल्यावरही नाकात राहतो. मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. देवेंद्र खाली बघत होता. "मैं नीचे बैठता हूँ ना कढ़ाई का तेल निकालने, तब मेरेको भी आती हे," तो म्हणाला. "मैंने सोचा, मॅडम को नी आ री तो मेरा वहम होगा." त्याने लायटर माझ्या हातात दिलं.

सेठजी भानावर आले आणि ओरडले, "अरे पंखा चलाओ, एग्जॉस्ट चलाओ!" ते बटणाकडे हात नेणार तेवढ्यात मी त्यांचं मनगट धरलं. ठिणगी तिथेही पडते. बी.एस्सी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कामाला आली. सगळ्यांना बाहेर काढलं, आवारातल्या सिलेंडरचे नळ बंद केले, शटर पूर्ण वर केलं. गॅसवाला येईपर्यंत आम्ही सगळे रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर उभे होतो. बाकीचे माझ्यापासून चार पावलं लांब. लीलाबाईने माझ्या हातात कट चहा दिला आणि ती तिथेच उभी राहिली.

गॅसवाल्याने तिसऱ्या भट्टीखालच्या जोडावर साबणाचं पाणी टाकलं. भराभरा फेस आला. तिथून सरळ नालीत, आणि नाली पॅकिंगच्या पाटांखालून जाते. तो सेठजींना म्हणाला, "बस एक चिंगारी की देर थी, भिया." सेठजी माझ्या स्टुलावर बसून राहिले. मग मला म्हणाले, "आप घर जाइए." रागाने म्हणाले की कसे, ते मला सांगता येत नाही.

मी घरी आले आहे.

शलाका


१४ ऑक्टोबर

ताई,

काल तुझा मिस्ड कॉल दिसला. म्हणजे तू मला अनब्लॉक केलंस तर! मी तुला त्या सोमवारीच केलं होतं. मी उलट लावला नाही. लावला असता तर रडले असते, आणि शर्वरी शेजारीच होती. म्हणून हे.

आधी नोकरीचं. चार दिवस घरात बसून होते. गेली असंच धरून चालले होते. मग सेठजींचा फोन आला. टेबल गेलं, बादली गेली. घाणा आता थेट पॅकिंगच्या पाटांवर जातो. लीलाबाई आणि आणखी दोघी हुंगतात, चाखतात, आणि तिघींनी हो म्हटलं तरच 'पास'. मला त्यांच्यात बसायचंय, पिशव्या भरायला आणि त्यांना खवट कशाला म्हणतात, करपट कशाला म्हणतात ते शिकवायला. नाक परत येईपर्यंत, असं सेठजी म्हणाले. नाही आलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. भीती संपलेली नाही. पण ही भीती नोकरीची आहे, हिच्याबरोबर जगता येतं.

काम आवडायला लागलं, असलं काही लिहिणार नाही. नाही आवडत. कंबर मोडते. पण गेटवर आता कुणाला उभं करून जावं लागत नाही. आत जाते ती मीच असते.

घरी सांगितलं. शर्वरी रडली, मग माझ्या केसांत नाक खुपसून म्हणाली, "आई, अजून येतो हं शेवेचा. लॉट्स ऑफ शेव." सासूबाईंनी पोथीतून डोकंही वर केलं नाही. "मला काय सांगून राहिलीस? गौरीच्या आरतीला कापूर म्हणून तू तुरटीचा खडा पेटवत बसलीस, तेव्हाच समजली मी. म्हटलं, सांगायचं तेव्हा सांगेल. तोवर मी दारात बसून घेते." बाई इतके दिवस माझ्यासाठी वास घेत बसल्या होत्या आणि मी त्याला सासुरवास म्हणत होते!

आता मुंजीचं काढते. या वेळी ठरवून.

मी दोन वर्षं स्वतःला हेच सांगत होते की त्या मांडवात वास सगळ्यांना आला असेल, पण बाकीच्या सभ्य होत्या, गप्प बसल्या. तूच तेवढी तोंडाळ. ताई, आमच्या कारखान्यात सगळे सभ्य होते. सगळ्यांना वास येत होता आणि सगळे माझा मान राखून गप्प होते. त्या मानापायी देवेंद्रने लायटर पेटवलं असतं. तिथे तुझ्यासारखी एक जरी असती, तर पहिल्याच दिवशी ओरडली असती, हिंग नाही गं बाई, गॅस आहे, नाक आहे की भजं? मांडवात तू म्हणालीस ते मला लागलं. अजूनही लागतं. हळू आवाजात सांगता आलं असतं तुला. पण तू सांगितलंस.

दिवाळीला ये. नचिकेतला आण. चकल्या मी तळणार आहे आणि सासूबाई दारात बसणार आहेत, पण त्यांचंही वय झालं. त्यांचं नाक किती दिवस पुरणार?

आलीस की लगेच आत येऊ नकोस. उंबऱ्यावरच थांब, चप्पल नंतर काढ. आधी वास घे. गॅसचा आला, करपलेला आला, माझ्या साडीला तळणीचा आला, जो येईल तो तिथूनच मोठ्यांदा सांग. सगळ्या बिल्डिंगला ऐकू गेलं तरी चालेल.

तुझी
शलाका